परदेशवास आणि कलावंताचे ‘काम’ : सदानंद बाकरे यांच्या लंडनपर्वाचा विचार

१

मराठीत ‘काम’ हा शब्द दोन अर्थांनी सारख्याच सहजतेने वापरला जातो. गवंडी कामावर जातो, कारकून कामावर जातो. आणि एखाद्या शिल्पकाराविषयी बोलताना जाणकार मनुष्यही ‘त्याचे काम पाहिले आहे काय?’ असेच विचारतो. मजुरीसाठी केलेला उद्योग आणि कलावंताच्या हातून निर्माण झालेली वस्तू ह्या दोहोंना बोलभाषेने एकच नाव दिले आहे. समीक्षेच्या भाषेने मात्र ही एकी मोडली. तिने एका बाजूस ‘निर्मिती’, ‘साधना’, ‘कलाकृती’ हे शब्द ठेवले आणि दुसऱ्या बाजूस ‘चरितार्थ’, ‘उपजीविका’, ‘पोटापाण्याचा उद्योग’ हे. पहिल्या वर्गातील गोष्टी विवेचनास पात्र ठरल्या. दुसऱ्या वर्गातील गोष्टी चरित्राच्या पहिल्या दोन परिच्छेदांत उरकून टाकण्याची प्रथा पडली.

ही विभागणी सर्वत्रच सदोष आहे. परंतु परदेशी राहिलेल्या कलावंताच्या बाबतीत ती विशेष घातक ठरते. कारण परक्या देशात माणसाचा दिवस कसा विभागला जातो, त्याला राहावयास किती जागा मिळते, कोणते साहित्य परवडते, ह्या गोष्टींचा त्याच्या कलेशी असलेला संबंध तेथे अधिक उघडा पडतो. प्रस्तुत लेखात हा संबंध सदानंद बाकरे (१९२०–२००७) यांच्या उदाहरणाने तपासावयाचा आहे. रत्नागिरी जिल्ह्याला हे उदाहरण परके नाही. इंग्लंडमधील सुमारे चोवीस वर्षांच्या वास्तव्यानंतर १९७५ मध्ये बाकरे भारतात परतले आणि दापोली तालुक्यातील मुरूड-हर्णै परिसरात स्थायिक झाले. त्यांचे उत्तरायुष्य तेथेच गेले.

२

बाकरे यांचा जन्म बडोद्याचा. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांनी शिल्पकलेचे शिक्षण घेतले. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा आणि गाडे यांच्यासह त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना केली. ह्या सहा संस्थापकांत शिल्पकार म्हणून आलेले ते एकटेच होते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवली पाहिजे. १९४९ मध्ये सूझा लंडनला गेले, १९५० मध्ये रझा पॅरिसला गेले आणि १९५१ मध्ये बाकरे यांनी लंडनची वाट धरली. अशा रीतीने स्थापनेनंतर चार वर्षांच्या आत ग्रुपचे निम्मे संस्थापक परदेशी होते.

ह्या तिघांपैकी दोघांचा परदेशवास समीक्षेने दोन निश्चित साच्यांत बसविला आहे. सूझांची कथा संघर्षातून यशाची. पहिली काही वर्षे हलाखीत गेली. १९५५ मध्ये व्हिक्टर मसग्रेव्ह यांच्या गॅलरी वन ह्या दालनात चित्रे मांडली गेली. त्याच वर्षी ‘एन्काउंटर’ मासिकात आत्मपर लेख आला. १९५९ मध्ये ‘वर्ड्‌स अँड लाइन्स’ हे पुस्तक निघाले. रझांची कथा दूर जाऊन मूळाकडे परतण्याची. फ्रेंच शिष्यवृत्ती, १९५६ मधील ‘प्री द ला क्रितीक’ हा सन्मान, आणि पुढे मध्य प्रदेशातील बालपणाच्या स्मृतींतून व भारतीय तत्त्वविचारातून आकारास आलेला बिंदू. एका साच्याचा शेवट कीर्तीत होतो, दुसऱ्याचा स्मरणात.

बाकरे ह्यांपैकी कोणत्याच साच्यात बसत नाहीत. सूझांएवढा गाजावाजा त्यांच्या वाट्यास आला नाही, आणि आठवणींचे एखादे ठळक चिन्हही त्यांच्या चित्रांत सापडत नाही. शिवाय सूझांप्रमाणे आपली कथा स्वतः सांगणारे पुस्तक त्यांच्या नावावर नाही. येथे समीक्षेची एक सवय उघडी पडते. कलावंताने स्वतःविषयी मजकूर लिहून ठेवला असेल तर समीक्षक त्या मजकुराच्या आधाराने चित्र वाचतो. मजकूर नसेल तर त्याची वाणी कुंठित होते. मग ‘उपेक्षित’ हे एकच विशेषण लावून प्रकरण मिटविले जाते. वस्तुतः ‘उपेक्षित’ ह्या विशेषणातून इतरांचे वर्तन समजते. कलावंताच्या कामाविषयी त्यातून काहीच कळत नाही.

३

तेव्हा मजकूर बाजूस ठेवून परिस्थितीकडे वळावे. शिल्पकाराला काय लागते? प्रथम लोखंडी सांगाडा, त्यावर माती चढविण्यास फिरते आसन, माती ओली राखण्याची सोय, भोवती चारही बाजूंनी फिरता येईल एवढी मोकळी जागा. त्यानंतर प्लास्टरचा साचा, आणि धातूत काम उतरवावयाचे तर ओतशाळा व तिचा खर्च. एवढे करून तयार झालेली वस्तू जड असते; ती हलविण्यास माणसे लागतात आणि ठेवण्यास जागा लागते. म्हणूनच शिल्पकला ही बहुतांशी मागणीवर चालणारी कला राहिली. मुंबईत कलाशाळेतून बाहेर पडलेल्या शिल्पकाराला व्यक्तिशिल्पांची मागणी, ओळखीचे आश्रयदाते आणि परिचित ओतारी यांचा आधार असे. परदेशी पाऊल ठेवताच ही सारी साखळी तुटते.

१९५१ चे लंडन हे युद्धाच्या जखमा अंगावर वागविणारे शहर होते. बाँबहल्ल्यांनी घरांची टंचाई झालेली होती. अन्नधान्याचे नियंत्रण १९५४ च्या जुलैपर्यंत पूर्णपणे उठले नव्हते. १९४८ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्याने राष्ट्रकुलातील लोकांना तेथे जाऊन राहण्याचा मार्ग मोकळा होता, तो १९६२ च्या कायद्याने पुष्कळ अंशी आखडला गेला. ह्या दोन कायद्यांच्या दरम्यान जे हजारो लोक तेथे पोहोचले त्यांच्यासाठी भाड्याची खोली, कामाच्या पाळ्या आणि हिवाळ्यात चार वाजण्याच्या सुमारास मावळणारा उजेड हेच दैनंदिन जीवनाचे मोजमाप होते. बाकरे हेही ह्याच काळात तेथे होते आणि चरितार्थासाठी मिळतील ती कामे त्यांनी केली.

ह्या परिस्थितीत शिल्पकार काय करील, हा प्रश्न केवळ तर्काचा नाही. बाकरे यांच्या कामातच त्याचे उत्तर आहे. त्यांनी शिल्प सोडले नाही. परंतु लंडनपर्वात चित्रकला अग्रभागी आली. चित्राला भिंत पुरते. शिल्पाला खोलीच्या मध्यभागी जागा लागते. चित्र अर्धवट ठेवून कामावर जाता येते. माती मात्र अर्धवट राहिली तर वाळते आणि तडकते. दिवसाचे उत्तम तास मजुरीला दिल्यावर उरणारे तुटक तास चित्र सहन करू शकते. मातीला ते मानवत नाहीत. मुद्दा आवडीनिवडीच्या बदलाचा आहे असे मानण्यापूर्वी ह्या साध्या गोष्टींचा हिशेब केला पाहिजे.

४

परंतु साधन बदलले म्हणून हात बदलत नाही, आणि येथेच बाकरे यांच्या चित्रांचे खरे वैशिष्ट्य आहे. १९५० नंतरच्या व १९६० नंतरच्या दशकांतील त्यांची तैलचित्रे पाहताना प्रथम जाणवते ती रेषेची धार. निसर्गदृश्य असो, घरांची रांग असो, वस्तुचित्र असो की मानवी मस्तक, आकार वळणे घेत नाहीत. ते कोनांत मोडतात. रंगांचे थर एकमेकांत विरघळत नाहीत, तर छिन्नीने पाडलेल्या पैलूंप्रमाणे एकमेकांना कडेने भिडतात. काळसर, जाड बाह्यरेषा ही येथे वस्तूची सीमा दाखविण्यापुरती नसते. पत्रा कापल्यावर उरणाऱ्या कडेसारखी ती स्वतःच एक घटक बनते. झाडाची फांदी आणि इमारतीची कड ह्यांत फरक राहत नाही, कारण दोन्हींकडे चित्रकार ‘हे कोठे वळते?’ ह्या दृष्टीने न पाहता ‘हे कोठे तुटते?’ ह्या दृष्टीने पाहतो.

ही दृष्टी मूर्तिकाराची आहे. आकाराचे वजन कोठे पडते, कोणता भाग कोणाला तोलतो, पोकळी कोठे सोडावयाची, हे प्रश्न त्याने सपाट पृष्ठभागावर आणले. आपण शिक्षणाने परंपरेतले आहोत, पण जुनी मूल्ये डोळे मिटून स्वीकारली नाहीत म्हणून आधुनिक आहोत, अशा आशयाची भूमिका बाकरे यांनी मांडली होती. तंत्रावरील प्रभुत्वाला ते मोठे मोल देत. त्या भूमिकेचा अर्थ ह्या चित्रांच्या संदर्भात अधिक स्पष्ट होतो. परंपरेतून त्यांनी घेतली ती हाताची शिस्त, आणि बदललेल्या जागेत ती शिस्त नव्या साधनावर चालवून पाहिली. लंडनचे वास्तव्य ह्या चित्रांत दिसते ते टेम्स नदीच्या किंवा धुक्याच्या रूपाने नव्हे. सपाट पृष्ठभागात कोंडून घातलेल्या घनतेच्या रूपाने ते दिसते.

५

ह्या प्रतिपादनावर दोन आक्षेप घेता येतील. पहिला असा की, परदेशी राहूनही शिल्पच करीत राहिलेले भारतीय शिल्पकार आहेत. बंगालचे चिंतामणी कर (१९१५–२००५) हे त्याच लंडनमध्ये राहत होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधील कलास्पर्धेत ब्रिटनतर्फे त्यांना शिल्पासाठी रौप्यपदक मिळाले, आणि १९५६ मध्ये ते कलकत्त्याच्या शासकीय कलामहाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून परतले. तेव्हा परिस्थितीच साधन ठरविते असे म्हणता येणार नाही. हा आक्षेप मान्यच केला पाहिजे. किंबहुना त्यामुळे मूळ मुद्दा नेमका होतो. परिस्थिती हुकूम सोडत नाही. ती किंमत सांगते. ती किंमत कोण कोणत्या नाण्यात देतो हे कलावंतागणिक बदलते. म्हणूनच कर आणि बाकरे यांचा तौलनिक अभ्यास केवळ शैलीच्या अंगाने न होता त्यांच्या वास्तव्याच्या अटींसह झाला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोनाकृती, धारदार आकार हे त्या काळच्या युरोपीय कलेत सर्वत्रच होते. १९५२ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात तरुण ब्रिटिश शिल्पकारांची काटेरी, तुटक धातुशिल्पे पाहून हर्बर्ट रीड यांनी त्यांना ‘भीतीची भूमिती’ असे नाव दिले होते. मग बाकरे यांची धार ही हाताची सवय कशावरून? ती काळाची टूम नसेल कशावरून? ह्याचे उत्तर असे की दोहोंतील साम्य वरवरचे आहे. रीड यांच्या नजरेसमोरील शिल्पांत पृष्ठभाग खरवडलेला, शरीर जखमी आणि भाव युद्धोत्तर भयाचा आहे. बाकरे यांच्या चित्रांतील कोन शांतपणे बसविलेले आहेत. ते बांधकामाचे कोन आहेत. काळाने त्यांना शब्दसंपदा पुरविली असेल. वाक्यरचना मात्र त्यांची स्वतःची आहे. भाषा शिकणाऱ्या प्रौढ मनुष्याचे असेच होते. शब्द तो नव्या भाषेचे घेतो, परंतु बोलण्याची लय पहिल्या भाषेचीच राहते. बाकरे यांची पहिली भाषा शिल्पाची होती.

६

राहता राहिला परतण्याचा प्रश्न. परदेशवासासाठी समीक्षा जे शब्द वापरते, ‘स्थलांतरित’, ‘विस्थापित’, ‘स्वेच्छानिर्वासित’, ते बहुतेक इंग्रजी संज्ञांवरून बेतलेले आहेत. ह्या जिल्ह्यापाशी त्यासाठी स्वतःचा एक शब्द आहे : चाकरमानी. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, कचेऱ्यांत राबणारा, गावच्या मंडळींबरोबर एका खोलीत दाटीने राहणारा, मनिऑर्डर पाठविणारा आणि गणपती-शिमग्याला परतणारा माणूस ह्या शब्दात पूर्ण उभा आहे. ह्या शब्दाचा गुण असा की त्यात नोकरी, खोली आणि गाव ही तिन्ही एकत्र येतात. ‘विस्थापित’ ह्या शब्दात केवळ हरवलेले गाव येते. कलावंताच्या परदेशवासाचा विचार करताना ‘चाकरमानी’ ह्या शब्दातील ही समग्रता उपयोगी पडते.

तथापि बाकरे यांना तो शब्द जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि तो कोठे लागू पडत नाही हे पाहणेही उद्‌बोधक आहे. चाकरमान्याचे परतणे ठरलेले असते. गाव त्याला ओळखते आणि त्याच्या येण्याजाण्याचा हिशेब ठेवते. बाकरे १९७५ मध्ये ज्या मुंबईच्या कलाविश्वाकडे पाठ फिरवून किनाऱ्यावर आले, त्या कलाविश्वाने त्यांच्या गैरहजेरीत आपला इतिहास लिहून टाकला होता. ग्रुप १९५६ पर्यंत विसर्जित झालेला होता. हुसेन देशात राहून आणि सूझा व रझा परदेशी राहून प्रसिद्धीच्या शिखराकडे निघाले होते. महर्षी कर्व्यांचे गाव म्हणून मराठी वाचकाला ठाऊक असलेल्या मुरूडला बाकरे एकांतात राहिले. त्या एकांताला कडवटपणाची किनार होती हे प्रसिद्ध आहे; परंतु स्वभावाचे किस्से सांगून कामाचा विचार टाळण्याचे ते निमित्त होऊ नये.

कलावंत जिवंत असताना आणि ह्याच जिल्ह्यात राहत असताना बत्तीस वर्षांत त्यांच्या लंडनपर्वाचा साधार वृत्तान्त सिद्ध करण्याची संधी विद्यापीठीय अभ्यासाला होती. २००७ मध्ये ती संपली. आता उरलेले मार्ग मर्यादित, पण स्पष्ट आहेत. बाकरे यांच्या पुष्कळ चित्रांवर सहीबरोबर साल घातलेले आढळते. ह्या सालांच्या आधाराने चित्रे व शिल्पे कालक्रमाने लावून प्रत्येकाचे माप, साहित्य आणि पृष्ठभाग ह्यांची नोंद करता येईल. लंडनमधील दालनांच्या सूचिपत्रांशी ती नोंद ताडून पाहता येईल. शिल्पे कोणत्या वर्षांत विरळ होतात, कोणत्या वर्षांत पुन्हा वाढतात, त्यांचे आकार कधी लहान होतात, हे एवढे जरी निश्चित झाले, तरी येथे केलेले प्रतिपादन सिद्ध होईल किंवा बाद ठरेल. त्यासाठी कलेतिहास व मराठी ह्या दोन विभागांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसणे आवश्यक आहे. कारण वस्तू मोजण्याचे शिक्षण एकाकडे आहे आणि त्या वस्तूंविषयी वापरलेले शब्द तपासण्याचे दुसऱ्याकडे.