सदोष नायक, निर्दोष समाज

रहस्यकथेला आपल्या समीक्षेने नेहमीच उंबऱ्याबाहेर ठेवले आहे. बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके लोकांनी वाचनालयांतून भाड्याने नेऊन, एका बैठकीत वाचून परत केली. पण वाङ्मयेतिहासात त्यांच्या वाट्याला फार तर दोन ओळी आल्या. बहुसंख्य लोक जे वाचतात ते तपासण्याच्या लायकीचे नाही, ही भूमिका अभिजनांना परवडते. आपल्याला ती परवडणारी नाही. गुन्हेगार कोण, संशय कोणावर घ्यायचा, कोणाचे बोलणे खरे मानायचे, न्याय झाला असे केव्हा म्हणायचे, ह्याचे पहिले धडे पुष्कळांना कायद्याच्या पुस्तकातून नव्हे तर रहस्यकथेतून मिळतात. म्हणून ह्या कथाप्रकाराचा जो नमुना जगभर गिरवला गेला, त्या आर्थर कॉनन डॉइलच्या शेरलॉक होम्सच्या लघुकथांकडे मी येथे वळतो आहे. प्रश्न एकच आहे. ह्या कथांचा नायक मुद्दाम सदोष केलेला आहे. त्याच्या दोषांचा फायदा कोणाला होतो?

जुलै १८९१ पासून ह्या लघुकथा लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकात येऊ लागल्या आणि १९२७ पर्यंत त्यांची संख्या छप्पन्न झाली. त्यांचा साचा ठरलेला आहे. बेकर स्ट्रीटवरची खोली, होम्सच्या निरीक्षणाची एक छोटी चुणूक, दारात आलेला अशील, त्याची हकीकत, घटनास्थळाची पाहणी, सापळा, उलगडा, गुन्हेगाराचा कबुलीजबाब आणि पुन्हा बेकर स्ट्रीट. त्स्वेतान तोदोरोव्हने १९६६ मध्ये दाखवून दिले की अशा कथेत दोन कथा असतात : एक गुन्ह्याची, जी आधीच घडून गेली आहे, दुसरी तपासाची, जी आपल्यासमोर घडते. हे बरोबर आहे, पण अपुरे आहे. ह्या दोन कथांत बोलायचा अधिकार कोणाला मिळतो, हे त्याने विचारले नाही. अशील बोलतो. गुन्हेगारही बोलतो, कधीकधी पानेच्या पाने. होम्स तर बोलतोच. आणि बहुतेक कथांत हे सारे आपल्यापर्यंत आणतो डॉक्टर वॉटसन, म्हणजे नायकाचा मित्र. जवळपास सगळी साक्ष मित्राची आहे, हे वाचक दोन पानांत विसरून जातो.

नायकाचे दोषही आपल्याला कळतात ते ह्या मित्राकडूनच. होम्स कोकेन टोचून घेतो, खोलीत बसून पिस्तुलाच्या गोळ्यांनी भिंतीवर राणीची आद्याक्षरे काढतो, दिवसच्या दिवस सुन्न पडून राहतो, मित्राला तुच्छतेने बोलतो. ह्यामुळे नायक 'माणूस' वाटतो असे समीक्षक सांगत आले आहेत. मला दोषांची ही यादीच संशयास्पद वाटते. वॉटसन जे दोष मोजून दाखवतो ते सगळे होम्सच्या स्वतःच्या खोलीतले आहेत. त्यांनी फार तर त्याच्या नसा बिघडतील आणि घरमालकिणीची भिंत. दुसऱ्या माणसाला भोवणारे दोष मात्र ह्या यादीत येत नाहीत.

१९०४ च्या 'चार्ल्स ऑगस्टस मिल्व्हर्टन' ह्या कथेत होम्स प्लंबरचे सोंग घेतो आणि घरातली माहिती काढण्यासाठी तिथल्या ॲगाथा नावाच्या मोलकरणीशी लग्न ठरवतो. वॉटसन चपापतो. होम्स सांगतो की तिच्यावर डोळा ठेवून असलेला दुसरा एकजण आहे, आपण पाठ फिरवताच तो जागा घेईल. एवढ्यावर विषय संपतो. कथेत पुढे एका खानदानी बाईच्या अब्रूसाठी तिजोरी फोडली जाते, कागद जाळले जातात, एक खूनही डोळ्यांदेखत होऊ दिला जातो. ॲगाथाचे काय झाले? कथा ते सांगत नाही. एका बाईची पत्रे ही अब्रू, आणि दुसरीला दिलेला शब्द ही तपासाची क्लृप्ती!

'ब्लू कार्बंकल' ही १८९२ ची कथा नाताळच्या गोडव्यासाठी वाखाणली जाते. हॉटेलातून एका सरदारघराण्यातल्या बाईचे रत्न चोरीला जाते आणि पोलीस जॉन हॉर्नर नावाच्या प्लंबरला पकडतात. खरा चोर जेम्स रायडर, हॉटेलचाच कर्मचारी. त्याने खोलीत दुरुस्तीचे काम काढून हॉर्नरला मुद्दाम बोलावून घेतलेले असते, कारण हॉर्नर पूर्वी एकदा शिक्षा भोगून आलेला आहे. संशय आपोआप त्याच्यावर जाईल हे रायडरला ठाऊक असते. शेवटी रायडर पाया पडून रडतो आणि होम्स त्याला सोडून देतो. ह्याला तुरुंगात पाठवले तर हा कायमचा गुन्हेगार होईल, असा त्याचा विचार. विचार चांगला आहे. पण तो हॉर्नरला का लागू झाला नाही? हॉर्नर ह्या कथेत एकदाही समोर येत नाही. तो वर्तमानपत्राच्या कात्रणात आहे. तिथे तो कोर्टात बेशुद्ध पडतो. रायडर साक्षीला येणार नाही म्हणून खटला ढासळेल, एवढे त्याच्याविषयी बोलून मंडळी जेवायला बसतात. होम्सने कायदा हातात घेतला ह्या 'दोषा'चे सर्वत्र कौतुक झाले. क्षमा करणाऱ्याचे मन मोठे ठरले; ज्याच्या जिवावर क्षमा झाली तो कात्रणातच राहिला.

एकदा शिक्षा झालेला माणूस म्हणजे तयार संशयित, हे रायडरला जेवढे माहीत होते तेवढेच इंग्रज सरकारलाही माहीत होते. हिंदुस्थानात त्याने १८७१ मध्ये क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आणून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ मध्ये आले तेव्हाही पोलिसांची सवय गेलेली नव्हती, हे त्या पुस्तकाच्या वाचकांना सांगायला नको. डिटेक्टिव्ह लागतो तो गुन्हेगार ठाऊक नसेल तेव्हा. जिथे जन्मावरून गुन्हेगार ठरतो तिथे रहस्यकथेचा जन्मच होऊ शकत नाही. रहस्य ही ज्यांच्यावर सहज संशय येत नाही अशांच्या घरातली चैन आहे.

आता ज्या कथेसाठी मी हे सारे लिहिले तिच्याकडे येतो. फेब्रुवारी १८९३ मध्ये आलेली 'द यलो फेस'. होम्सच्या मोजक्या अपयशांपैकी ही एक. योगायोग असा की कोकेनचा उल्लेख ह्याही कथेच्या सुरुवातीला आहे : अधूनमधून कोकेन घेण्यापलीकडे ह्या माणसाला व्यसन नाही, अशी वॉटसनची ग्वाही. ग्रँट मन्रो नावाचा सुखवस्तू व्यापारी तक्रार घेऊन येतो. त्याची पत्नी एफी ही अमेरिकेहून आलेली विधवा. लग्नाला तीन वर्षे झाली. दोघांत कधी खोट नव्हती. हल्ली ती रात्री-अपरात्री शेजारच्या बंगलीत जाते, विचारले तर सांगत नाही, आणि त्या बंगलीच्या खिडकीत त्याला एक पिवळट, निर्जीव चेहरा दिसला आहे. होम्स खोलीतच बसून निष्कर्ष काढतो : पहिला नवरा जिवंत आहे, तो तिला धमकावून पैसे उकळतो आहे. वॉटसन म्हणतो की हा नुसता तर्क आहे. सगळ्या गोष्टी त्यात बसतात ना, असे होम्सचे उत्तर.

मग तिघे बंगलीत घुसतात. वरच्या खोलीत लाल झगा आणि हातांत लांब पांढरे मोजे घातलेली एक लहान मुलगी. होम्स तिच्या कानामागे हात घालून मुखवटा काढतो. आत काळा चेहरा. मुलगी हसते. एफीचा पहिला नवरा जॉन हेब्रॉन अटलांटाचा कृष्णवर्णीय वकील होता. तो वारला, मुलगी जगली. नव्या नवऱ्याचे प्रेम जाईल ह्या भीतीने आईने ती लपवली, आणि शेजाऱ्यांत चर्चा नको म्हणून खिडकीशी येताना तिच्या तोंडावर मुखवटा आणि हातांवर मोजे चढवले. मन्रो बराच वेळ गप्प राहतो. मग मुलीला उचलून घेतो, तिचा मुका घेतो आणि दुसरा हात पत्नीपुढे करून घराकडे निघतो.

१८९३ च्या इंग्लंडमध्ये, लोकप्रिय मासिकात, हा शेवट लिहिणे लहान गोष्ट नव्हती. जॉर्जियात अशा लग्नांना कायद्याने बंदी होती; अमेरिकेत उरलेले असे कायदे सर्वोच्च न्यायालयाने थेट १९६७ मध्ये घटनाबाह्य ठरवले. डॉइलला ह्याचे श्रेय मी पूर्ण देतो. पण होम्स चुकला कुठे? रात्री झोपायला जाताना तो वॉटसनला म्हणतो की ह्यापुढे मला फाजील आत्मविश्वास झालेला दिसला तर कानात 'नॉरबरी' एवढाच शब्द सांग. नॉरबरी हे त्या गावाचे नाव. म्हणजे दोष आत्मविश्वासाचा ठरला. स्वभावाचा, सुधारता येण्याजोगा. मला हे निदान मान्य नाही. होम्स चुकला कारण त्याची पद्धत एका दडलेल्या, दुष्ट माणसाच्या शोधात असते. ह्या घरात तसा माणूस नव्हताच. पोटच्या पोरीचे तोंड झाकायला आईला भाग पाडणारा जो होता, तो पडद्यामागे दडलेला नव्हता. तो सगळ्या गावात, सगळ्या शेजारात, खुद्द अशिलाच्या गप्प राहण्यात उघड वावरत होता. त्याला बेड्या घालता येत नाहीत. म्हणून कथेत गुन्हेगाराचा कबुलीजबाब येतो त्या जागी इथे आई उभी राहते आणि मूल बापाच्या वंशावर गेले हे आपले दुर्दैव असे सांगते. साचा तोच राहिला; गुन्हेगाराची जागा रिकामी ठेवता येईना म्हणून तिथे तिला उभे केले.

आणि मुलगी? तिचे नाव लूसी आहे, हे आईच्या बोलण्यातून कळते. तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. मुखवट्याच्या आतून तिने काय पाहिले हे सांगायला कथेत कोणी नाही, कारण वॉटसन तिचा मित्र नाही.

हीच गोष्ट आतून सांगितली तर काय होते ते मराठीत आपण वाचले आहे. बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) ही कथाही लपवलेल्या ओळखीची आणि ती उघड होण्याची कथा आहे. फरक असा की तिथे 'मी' म्हणणारा तोच आहे ज्याला लपावे लागले. आपली भाषा जन्म झाकणाऱ्याला 'चोर' म्हणते, हे बागुलांनी शीर्षकातच धरले. तिथे डिटेक्टिव्ह नाही; जात शोधून काढायला सारा शेजार टपलेला आहे. उलगड्यानंतर मुका नव्हे, मार मिळतो. आणि हा कथानायक हेकट नाही, व्यसनी नाही, पिस्तुल चालवत नाही. त्याचा जन्म हाच त्याचा दोष ठरवला गेला आहे. अशा माणसाला लहरी असण्याची, चुकण्याची आणि तरीही वाचकांचा लाडका राहण्याची सवलत कोणत्या साहित्याने दिली? दलित कथेतल्या नायकाला दोष असावेत की नसावेत ह्यावर आपल्याकडे वाद होतात, तेव्हा ही सवलत कोणाच्या खात्यावर जमा होती हे आधी तपासावे.

डॉइल वाईट माणूस होता म्हणून हे झाले, असे कोणी समजू नये. जॉर्ज एडलजी हा मुंबईच्या पारशी कुळातून आलेल्या पाद्र्याचा मुलगा, इंग्लंडमध्येच वाढलेला वकील. जनावरे भोसकल्याच्या आरोपावरून त्याला १९०३ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली. तीन वर्षांनी तो सुटला. डॉइलने १९०७ मध्ये त्याची बाजू जाहीरपणे मांडली, ह्यामागे वर्णद्वेष आहे हे स्पष्ट लिहिले आणि सरकारला माफी द्यायला लावली. भरपाई मात्र मिळाली नाही. म्हणजे संशय कातडीच्या रंगावरून कसा घेतला जातो हे त्याला पुरते कळत होते. तरी तिथेही त्याने खरा गुन्हेगार म्हणून एका माणसाचे नाव पुढे केलेच. साच्याची पकड अशी असते. आणि हे कळणे कथेत उतरले नाही. १९२६ च्या 'द थ्री गेबल्स'मध्ये स्टीव्ह डिक्सी नावाचा काळा मुष्टियोद्धा होम्सला धमकवायला येतो, तेव्हा होम्स त्याच्या अंगाच्या वासावरून, ओठांवरून शेलके टोमणे मारतो. ही कथा डॉइलची नसावी असे म्हणून काही होम्सभक्त सुटका करून घेतात. कथा त्याच्या नावावर, त्याच्या हयातीत छापली गेली. कोकेनची नोंद ठेवणारा वॉटसन ह्याही प्रसंगाचा निवेदक आहे. होम्सचे हे बोलणे त्याने विनोद म्हणून टिपले आहे, आणि 'नॉरबरी' हा शब्द तो इथे उच्चारत नाही.