‘मा रेवा’ ऐकताना : आधी तारखा, मग निष्कर्ष

‘इंडियन ओशन हा बँड नर्मदा आंदोलनातून जन्मला.’ धडगावात बसून हे वाक्य लगेच पटतं. पण प्रबंधात लिहिण्याआधी जरा थांबा, तारखा लावून बघा.

बँडला नाव मिळालं १९९० मध्ये, दिल्लीत. सुष्मित सेन यांची गिटार आणि असीम चक्रवर्ती यांचा तबला त्याआधीच जुळलेला. राहुल राम आले १९९१ मध्ये : कॉर्नेलची पीएचडी, हातात बेस आणि सोबत नर्मदा बचाव आंदोलनातलं काम. १९९३ चा पहिला अल्बम ऐका. वाद्यंच जास्त बोलतात. १९९७ चा ‘डेझर्ट रेन’ म्हणजे थेट कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग, त्यातही ‘मा रेवा’ नाही. ते आलं २००० च्या ‘कंदिसा’मध्ये. म्हणजे आंदोलनाने बँड घडवला नाही. घडलेल्या बँडला गाणं दिलं.

दुसरी घाई : ‘हे आमच्याच भागातलं गाणं.’ त्याची बोली निमाडीकडे झुकते. धडगावची पावरी वेगळी. नदी एक असली तरी गाणं एक नसतं.

आता माझं मत. गाणं सुंदर आहे, पण त्यात नदीची स्तुती आहे, धरण नाही. सरदार सरोवराच्या बुडितात अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली मिळून ३३ गावं आली. ते दुःख गाण्यात शोधू नका. ते आपण ऐकणारे सोबत आणतो. तुमच्या टिपणवहीत दोन रकाने करा : ‘रेकॉर्डिंगमध्ये काय आहे’ आणि ‘मी काय आणलं’. दोन्ही खरे आहेत, फक्त त्यांची सरमिसळ नको.