एकस्व की उघडं पत्र?

माझ्या मावशीच्या पर्समध्ये एटीएम कार्डाच्या मागे आणखी एक कार्ड असतं. पेसमेकर बसवला तेव्हा मिळालेलं. त्यावर तिचं नाव, शस्त्रक्रियेची तारीख, यंत्राचं मॉडेल आणि एक लांबलचक नंबर. मॉलच्या किंवा विमानतळाच्या दारात मेटल डिटेक्टर दिसला की ती ते आधीच हातात काढून ठेवते. गेल्या दिवाळीत तिनं विचारलं, “अरे, ह्याच्या आत नेमकं काय असतं?” मी माझं पेटंट उत्तर दिलं, “बघून सांगतो.”

आपल्या बोलण्यात ‘पेटंट’ हा शब्द असाच येतो. पेटंट जोक, पेटंट डायलॉग, पेटंट कारण. म्हणजे ठरलेलं, घासून गुळगुळीत झालेलं. कायद्यात मात्र त्याचा अर्थ बरोबर उलटा आहे, आजवर कुणी केलं नव्हतं असं काहीतरी. सरकारी मराठीनं त्याला ‘एकस्व’ म्हटलं. एकट्याचं स्वत्व, एकट्याची मालकी. पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आहे ‘उघडं’. राजाचं मोहोर न तोडता वाचता येईल असं, सगळ्यांसाठी उघडं असलेलं पत्र. एका शब्दात मालकी आहे, दुसऱ्यात मोकळेपणा. या दोहोंत सौदा असा की शोध लावणाऱ्यानं तो जगाला नीट समजावून सांगायचा आणि त्या बदल्यात अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं तो फक्त त्याचा.

मावशीसाठी शोधता शोधता मी पेटंटं वाचू लागलो. ती फोनवर कुणालाही फुकट वाचता येतात. वाचताना वाटलं, हा एक लेखनप्रकार आहे आणि त्याची कुणी समीक्षा करत नाही. वकील ती जिंकण्यासाठी वाचतात, इंजिनियर टाळण्यासाठी. वाचक म्हणून वाचणारं कुणी नाही. हा लेख तसा प्रयत्न आहे. माझा प्रश्न एकच: सौद्यातला सांगण्याचा भाग पाळला गेला का?

पाककृती आणि खरेदीखत

पेटंटाचे ढोबळ दोन भाग असतात. पहिला वर्णनाचा. त्यात आकृत्या, आकृत्यांतल्या प्रत्येक तुकड्याला नंबर आणि ते कसं चालतं याची हकिगत. ही पाककृती. त्या विषयातल्या जाणत्या माणसाला ती वाचून वस्तू बनवता आली पाहिजे, अशी अट असते. भारताच्या १९७०च्या कायद्यात तर अर्जदाराला माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धत सांगणं बंधनकारक आहे.

दुसरा भाग दाव्यांचा. हे खरेदीखत. सातबाऱ्याबरोबर येणाऱ्या खरेदीखतात जशी चतुःसीमा असते, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, तशी इथे शोधाची हद्द आखलेली असते. अमेरिकी पेटंटात प्रत्येक दावा एकाच वाक्यात बसवावा लागतो, मग ते वाक्य पानभर का जाईना. आपल्याकडे पंचनाम्यात जसं ‘सदर इसम’, ‘सदरहू जागा’ येतं, तसं इथे पावलोपावली ‘सदर’ येतं.

पाककृती सांगताना शेजारीण एखादा जिन्नस हळूच गाळते, हे आपण ऐकलेलं असतं. खरेदीखतात बांध हळूच दोन फूट सरकतो, हेही. पेटंट वाचताना या दोन्ही गोष्टींवर नजर ठेवायची.

अंथरलेलं आणि चिकटलेलं

सुरुवात चिपपासून करू. १९५८ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधल्या जॅक किल्बीनं जर्मेनियमच्या एकाच तुकड्यात पूर्ण सर्किट बनवून दाखवलं. त्याचा अर्ज ६ फेब्रुवारी १९५९ चा. त्यातल्या आकृतीत सोन्याच्या बारीक तारा एका भागातून उडून दुसऱ्या भागाला जोडलेल्या दिसतात. अशा तारा हातानं जोडत बसलं तर हजारो भागांची चिप बनणं अशक्य.

उत्तर फेअरचाइल्डमध्ये सापडलं. सिलिकॉनवर तयार होणारा ऑक्साइडचा थर तोवर मळ समजून खरवडून काढत. झाँ हर्नीनं तो तसाच ठेवला, कारण तो खालच्या भागाचं रक्षण करत होता. त्याच्या सहकाऱ्याला, रॉबर्ट नॉइसला, पुढची गोष्ट दिसली. ऑक्साइडमधून वीज वाहत नाही, तर त्याच्यावरूनच धातूच्या रेघा काढाव्यात आणि हवं तिथे भोक पाडून खाली जोडाव्यात. उडत्या तारांची गरजच उरली नाही. त्याचा अर्ज ३० जुलै १९५९ चा, किल्बीनंतर जवळपास सहा महिन्यांनी. तरी पेटंट नॉइसला आधी मिळालं, १९६१ मध्ये. किल्बीला १९६४ मध्ये.

मग भांडण लागलं. किल्बीच्या अर्जात तारांच्या आकृत्यांबरोबर एक परिच्छेद होता. जोडणीसाठी सोन्यासारखा वाहक पदार्थ विजेला अडवणाऱ्या थरावर ‘लेड डाउन’ करता येईल, असा. म्हणजे अंथरता येईल. नॉइसच्या दाव्यात धातू थराला ‘चिकटलेला’ होता. प्रश्न उरला तो एवढाच: अंथरलं म्हणजे चिकटलं का?

आपण गादीवर चादर अंथरतो, ती गादीला चिकटत नाही. पेटंट कार्यालयाच्या मंडळानं १९६७ मध्ये किल्बीच्या बाजूनं निकाल दिला. १९६९ मध्ये अपील न्यायालयानं तो फिरवला. अंथरणं म्हणजे चिकटवणं असं काही सिद्ध होत नाही, म्हणून जोडणीची ही युक्ती नॉइसची. तोवर दोन्ही कंपन्यांनी एकमेकींना परवाने देऊन टाकले होते आणि धंदा पुढे निघून गेला होता.

समीक्षक म्हणून मला हा निकाल पटतो. किल्बीची कल्पना मोठी होती. २००० साली त्याला नोबेल मिळालं ते योग्यच, नॉइस तेव्हा हयात नव्हता. पण पाककृती म्हणून पाहिलं तर त्याच्या अर्जात मुख्य कृती तारांचीच आहे, आणि तो परिच्छेद ‘असंही करता येईल’ म्हणणारा. नॉइसचा मजकूर घेऊन कामाला बसता येतं. कल्पना कुणाला आधी सुचली आणि ती कुणी नीट सांगितली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेटंट दुसरीला किंमत देतं, हे या प्रकाराचं मला आवडलेलं वैशिष्ट्य.

विसरणारी मेमरी

आता फोनच्या खोक्यावरचा ‘रॅम’ हा शब्द घ्या. त्याचं मूळ आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डनं १९६७ मध्ये केलेल्या आणि १९६८ मध्ये मंजूर झालेल्या पेटंटात आहे. तेव्हा एक बिट साठवायला सहा-सहा ट्रान्झिस्टर लागत. डेनार्डनं ते काम एका ट्रान्झिस्टरवर आणि एका इवल्याशा कपॅसिटरवर आणलं. कपॅसिटरमध्ये विजेचा भार असला तर एक, नसला तर शून्य. ट्रान्झिस्टर म्हणजे त्याचं दार.

अडचण ही की कपॅसिटर गळतो. माठासारखा झिरपतो. क्षणभर दुर्लक्ष केलं की आठवण गेली. म्हणून ती पुन्हा पुन्हा भरावी लागते, पाढे घोकावे तशी. तुम्ही हा लेख वाचत असताना तुमच्या फोनची रॅम सेकंदाला कित्येकदा स्वतःचे पाढे घोकते आहे.

हे पेटंट मला आवडतं, कारण ते ही गळती लपवत नाही. भार टिकत नाही हे सांगून तो पुन्हा भरण्याची व्यवस्थाही ते मांडतं. जाहिरातीत दोष झाकला जातो, इथे दोषासकट युक्ती समोर ठेवली आहे. वाचणाऱ्याला ती वस्तू खरंच बनवता यावी, असं लिहिणाऱ्याला वाटत होतं, हे जाणवतं. डेनार्ड २०२४ मध्ये गेला. पेटंटाची मुदत कधीच संपली आहे. पाककृती सगळ्यांची झाली. सौदा पूर्ण झाला.

सरकणारा बांध

सगळीकडे तो असा पूर्ण होत नाही. खोक्यावर रॅमपुढे ‘डीडीआर’ ही अक्षरं असतात. मेमरी आणि प्रोसेसर यांच्यात माहितीची ने-आण एका घड्याळाच्या ठोक्यावर चालते. पूर्वी एका ठोक्याला एकदाच माहिती जाई. डीडीआरमध्ये ठोका चढताना एकदा आणि उतरताना एकदा, अशी दोनदा जाते. झोक्याच्या दोन्ही टोकांना कुणीतरी उभं असावं, तसं.

माइक फार्मवॉल्ड आणि मार्क होरोविट्झ यांनी १९९० मध्ये मेमरीच्या वेगवान देवाणघेवाणीवर एक भलामोठा अर्ज केला. त्यात दीडशे दावे होते. पेटंट कार्यालयानं सांगितलं, हा एक शोध नाही, याचे अकरा भाग करा. त्या अर्जातून मग फांद्या फुटत गेल्या. त्यांची कंपनी रॅम्बस त्याच काळात जेडेक या संस्थेची सदस्य होती. सगळ्या कंपन्यांनी वापरायचं मेमरीचं सामाईक प्रमाण जेडेकमध्ये ठरत होतं. रॅम्बस १९९६ मध्ये बाहेर पडली आणि काही वर्षांनी त्या प्रमाणाप्रमाणे मेमरी बनवणाऱ्यांना म्हणाली, तुम्ही आमच्या हद्दीत आहात.

विरोधकांचा आरोप असा की बैठकीत बसून ऐकायचं आणि घरी जाऊन प्रलंबित अर्जातले दावे त्यानुसार बेतायचे, हा बांध सरकवण्याचा प्रकार आहे. एका ज्यूरीनं फसवणूक झाल्याचं मानलं, २००३ मध्ये अपील न्यायालयानं ते फिरवलं. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २००६ मध्ये कंपनीला दोषी धरलं, २००८ मध्ये दुसऱ्या न्यायालयानं तेही रद्द केलं. न्यायालयांचं एक म्हणणं लक्षात ठेवण्यासारखं आहे. काय उघड करायचं याचे जेडेकचे नियमच धड लिहिलेले नव्हते. पुन्हा शब्दांवर आलो.

कायद्यानं कंपनी सुटली. वाचक म्हणून मी तिला सोडत नाही. मूळ वर्णन दर्जेदार आहे, त्यातली बुद्धी खरी आहे, फार्मवॉल्ड आणि होरोविट्झ यांचं काम खोटं नव्हतं. पण खरेदीखत शेजाऱ्याचं घर बांधून झाल्यावर पुरं होत असेल, तर त्या पत्राला उघडं म्हणता येत नाही. उघडं असणं म्हणजे वेळेवर उघडं असणं.

छातीतली न लिहिलेली पानं

आता मावशीचा प्रश्न. छातीत बसवायच्या पेसमेकरचं विल्सन ग्रेटबॅचचं पेटंट १९६२ मधलं. त्याची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. हृदयाचे आवाज टिपणारं सर्किट करताना त्यानं डब्यातून चुकीचा रेझिस्टर उचलला. दहा हजार ओहमऐवजी दहा लाख ओहमचा. सर्किट क्षणभर ठोका देई, सेकंदभर गप्प राही, पुन्हा ठोका. त्याला हृदयाचा ताल ओळखू आला. मग साठवलेले दोन हजार डॉलर घालून घरामागच्या कोठारात त्यानं पन्नास यंत्रं बनवली.

पेटंटाच्या साच्यात या चुकीला जागा नाही, कोठारालाही नाही. त्याआधी, १९५८ मध्ये, स्वीडनमध्ये आर्ने लार्सनच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला आणि काही तासांत बंद पडला. पुढे अनेक यंत्रं बदलत लार्सन २००१ पर्यंत जगला, यंत्र बनवणारा आणि बसवणारा डॉक्टर या दोघांहून अधिक. तसल्या जगण्यालाही हा साचा ओळखत नाही. त्यात हृदय असतं, पण ते कुणाचंच नसतं. ही मर्यादा मी समजू शकतो. पाककृतीत जेवणाऱ्याची हकिगत नसतेच.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. ग्रेटबॅचच्या यंत्रात बॅटरी, ट्रान्झिस्टर आणि तार होती. आकृती पाहून यंत्र कळत होतं. आजच्या यंत्रात निर्णय सॉफ्टवेअर घेतं, आणि ते सॉफ्टवेअर बहुतेक वेळा गुपित असतं. केरन सँडलर या अमेरिकी वकीलबाईंच्या छातीत डिफिब्रिलेटर आहे. गरोदरपणात हृदयाचे ठोके साहजिकच वाढले, तेव्हा गरज नसताना यंत्रानं त्यांना झटके दिले. आपल्याच शरीरातल्या यंत्राचा कोड पाहू द्या, अशी मागणी त्यांनी केली होती. तो त्यांना मिळाला नाही.

चिपच्या कारखान्यातही हेच. तिथे यंत्राच्या तापमान, वायू आणि वेळेच्या बरोबर मापांना ‘रेसिपी’च म्हणतात. ती कंपन्या पेटंटात सहसा लिहीत नाहीत, कुलपात ठेवतात. अमेरिकेत सर्वांत चांगली पद्धत सांगण्याची अट आजही कायद्यात आहे. पण २०११ मधल्या बदलानंतर ती पाळली नाही म्हणून पेटंट रद्द होत नाही. अट उरली, शिक्षा गेली. हद्द पूर्ण हवी आणि पाककृती अर्धी चालेल, असा सौदा झाला तर ‘एकस्व’ उरतं आणि उघडं पत्र संपतं. गुपित ठेवायचा हक्क कंपनीला आहे, हे मला मान्य आहे. पण जे यंत्र माणसाच्या छातीत शिवून टाकलंय, त्याचं गुपित त्या माणसापासूनही ठेवायचं, हे नाही.

मी मावशीला फोनवरच आकृती दाखवली. ही बॅटरी, हे सर्किट, ही तार, ती हृदयात जाते. ठोका आला तर यंत्र गप्प बसतं, आला नाही तर ढकलतं.

“आणि गप्प बसायचं की ढकलायचं, हे कसं ठरवतं?”

“ते आत लिहिलेलं असतं. वाचता येत नाही.”

“म्हणजे तुला अर्धंच कळलंय,” ती म्हणाली.

या वेळी पेटंट उत्तर दिलं नाही. म्हटलं, “अर्धंच लिहिलंय, मावशी.”