विवाहित स्त्रीची कमाई : १८७४ चा अधिनियम आणि रायगडचा किनारा

विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता हक्कांच्या इतिहासलेखनात १८७४ चा ‘विवाहित स्त्रियांचा मालमत्ता अधिनियम’ हा प्रगतीचा आरंभबिंदू मानण्याचा प्रघात आहे. रायगडच्या, म्हणजे तत्कालीन कुलाबा जिल्ह्याच्या, किनाऱ्यावर पडताळून पाहता हे मूल्यमापन अपुरे ठरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या अधिनियमाच्या कलम ४ नुसार पत्नीने स्वतःच्या नोकरी-व्यवसायातून मिळविलेली कमाई तिची स्वतंत्र मालमत्ता ठरली. तथापि कलम २ ने हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख व जैन स्त्रियांना त्यातून वगळले. परिणामी अलिबाग परिसरातील बेने इस्राएल स्त्रीला लाभलेले संरक्षण त्याच परिसरात मासळी विकणाऱ्या हिंदू कोळी स्त्रीला लाभले नाही. मुरूड-श्रीवर्धनचा किनारा तर जंजिरा संस्थानात होता. तेथे ब्रिटिश हिंदुस्थानचे अधिनियम आपोआप लागू होत नसत.

हिंदू स्त्रीला स्त्रीधनाचा हक्क पूर्वापार होता, हे या वगळण्याचे समर्थन अर्धेच खरे आहे. आप्तांकडून मिळालेल्या ‘सौदायिक’ धनावर तिची पूर्ण सत्ता होती. परंतु स्वकष्टार्जित धनावर, वेगळी रूढी सिद्ध न झाल्यास, पतीच्या हयातीत त्याचे नियंत्रण शास्त्राने मानले होते. म्हणजे माहेरचा दागिना तिचा. पाटीतील मासळीचा पैसा मात्र निर्विवादपणे तिचा नव्हे. ही उणीव १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १४ ने, स्वतःच्या कौशल्याने वा श्रमाने मिळविलेल्या मालमत्तेचा स्पष्ट उल्लेख करून, दूर केली. मधे ८२ वर्षे गेली.

विवाहाची अट पुढेही पाठ सोडीत नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद केले, पण त्यापूर्वी विवाह झालेल्यांना वगळले. हा भेद २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर संपला.

तरीही एक प्रश्न उरतो. मासळीविक्रीचा पैसा होडीत वा घरात गुंतला आणि दस्तऐवजावर केवळ पतीचे नाव लागले, तर स्वतंत्र मालकीचे तत्त्व पत्नीच्या फारसे उपयोगी पडत नाही. गोव्यात, वेगळा करार नसल्यास, दांपत्याची मालमत्ता सामाईक मानली जाते. महाराष्ट्रात तसा नियम नाही. कायद्याने प्रथम स्त्रीचा धर्म विचारला, नंतर विवाहाची तारीख. तिच्या श्रमातून संसारात काय उभे राहिले, हा प्रश्न त्याने अद्याप पुरेसा विचारलेला नाही, असेच म्हणावे लागते.