पोष ग्रंथीवरील शस्त्रक्रिया आणि भाकिताची कसोटी

पोष ग्रंथीच्या अर्बुदावर नाकाच्या मार्गाने शस्त्रक्रिया करण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न हेर्मान श्लॉफर यांनी १९०७ साली इन्सब्रुक येथे केला. त्या काळी रुग्ण वाचेल की नाही, हाच मुख्य प्रश्न होता. तो आता बव्हंशी मागे पडला असून त्याची जागा दुसऱ्या प्रश्नाने घेतली आहे. शस्त्रक्रियेनंतर कोणत्या रुग्णाच्या शरीरातील पाण्याचा व संप्रेरकांचा तोल ढळेल, हे आधी सांगता येईल काय? या विषयावरील संशोधन विपुल आहे. परंतु त्याचे मूल्यमापन बहुधा भाकित किती वेळा खरे ठरले, एवढ्यावरच होते. ही कसोटी अपुरी आहे. भाकितामुळे रुग्णाविषयीचा कोणता निर्णय बदलला, ही खरी कसोटी होय.

उदाहरणादाखल बाझेल येथील संशोधकांच्या पुढाकाराने अनेक केंद्रांत झालेला व २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. मूत्राचे प्रमाण आटोक्यात ठेवणाऱ्या व्हॅसोप्रेसिनचे मापन कठीण असते. म्हणून त्याच्याबरोबरच स्रवणारे, पण अधिक टिकाऊ असे कोपेप्टिन येथे मोजण्यात आले. २०५ रुग्णांपैकी ५० जणांस डायबेटीस इन्सिपिडस झाला. २०२२ पासून या विकारास व्हॅसोप्रेसिन-न्यूनता म्हणावे, अशी शिफारस आहे. शस्त्रक्रियेनंतर कोपेप्टिन प्रतिलिटर २.५ पिकोमोलपेक्षा कमी असता विकाराचे भाकित ८१ टक्के खरे ठरले. ३० पेक्षा अधिक असता विकार होणार नाही हे भाकित ९५ टक्के खरे ठरले.

हे आकडे आकर्षक आहेत. तथापि ते कशाच्या तुलनेत, हे पाहिले पाहिजे. कोणतीही तपासणी न करता 'विकार होणार नाही' असे सरसकट म्हणणारासुद्धा २०५ पैकी १५५ वेळा, म्हणजे सुमारे ७६ टक्के, बरोबर ठरला असता. शिवाय विकाराचे प्रमाण १० टक्केच असलेल्या केंद्रात, तपासणीची भेदशक्ती तीच धरली तरी, ८१ टक्क्यांचे सुमारे ६० टक्के होतात. आणि ज्यांचे मूल्य २.५ व ३० यांच्या दरम्यान येते, त्यांच्याविषयी तपासणी निश्चित असे काहीच सांगत नाही.

यापेक्षा गंभीर प्रश्न काळाचा आहे. ग्रंथीच्या देठास इजा झाली, की काही रुग्णांत विकार तीन अवस्थांतून जातो. प्रथम चेतातंतू स्तब्ध होतात व लघवीचा पूर लोटतो. काही दिवसांनी ऱ्हास पावणाऱ्या तंतूंतील साठलेले व्हॅसोप्रेसिन बेसुमार झिरपते. पाणी शरीरात साठते व रक्तातील सोडियम घसरते. साठा संपल्यावर पुन्हा मूत्राधिक्य होते, आणि ते कायमचेही असू शकते. काही रुग्णांत दुसरी अवस्था तेवढी एकटीच प्रकटते. पहिल्या अवस्थेत उपकारक ठरणारे डेस्मोप्रेसिन दुसऱ्या अवस्थेत चालू राहिले तर मेंदूस सूज, झटके व प्राणसंकट ओढवू शकते. सोडियमची ही घसरण बहुधा सातव्या दिवसाच्या आसपास तीव्र होते, आणि तोवर पुष्कळसे रुग्ण घरी गेलेले असतात. सारांश, पहिल्या दिवशीच्या एका आकड्याने पहिल्या अवस्थेची सूचना मिळेल. खरा धोका मात्र पुढे उभा असतो.

तिसरी उणीव अशी की, पाणी व संप्रेरके यांचे हिशेब वेगवेगळ्या वह्यांत मांडले जातात. शरीराची वही मात्र एकच असते. कॉर्टिसॉल कमी असता मूत्रपिंडास जादा पाणी बाहेर टाकणे जमत नाही. त्यामुळे व्हॅसोप्रेसिनची न्यूनता झाकली जाते, आणि कॉर्टिसॉल देऊ लागताच ती उघडी पडते. सकाळच्या कॉर्टिसॉलचा अर्थही संदर्भावाचून लागत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी डेक्सामेथासोन दिले असेल, तर ते मूल्य मुळातच दबलेले असते. कुशिंगच्या विकारात तर शस्त्रक्रियेनंतर अत्यल्प कॉर्टिसॉल हे उपचार सफल झाल्याचे चिन्ह मानले जाते; अन्य अर्बुदांत तेच ग्रंथीला इजा झाल्याचे चिन्ह ठरते.

काही केंद्रांनी भाकिताची वाट न पाहता घरी जाणाऱ्या रुग्णाचे पिणे आठवडाभर मर्यादित ठेवण्याची पद्धत स्वीकारली आहे. तीही निर्दोष नाही. ज्याचे मूत्राधिक्य चालूच आहे, त्यास ती अपायकारक ठरेल. भाकिताचे खरे क्षेत्र नेमके येथे आहे. कोणास पाणी कमी द्यावे, कोणास तहानेनुसार पिऊ द्यावे, कोणास सातव्या दिवशी सोडियमच्या तपासणीसाठी हटकून बोलवावे, हे जे भाकित सांगेल, ते टक्केवारीत थोडे उणे असले तरी अधिक मोलाचे ठरेल. कोणता विकार, कोणत्या दिवशी व त्यावर कोणती कृती, या तिन्ही गोष्टी न सांगणाऱ्या सूत्रास गणिताचे यश म्हणता येईल. वैद्यकाचे यश म्हणता येणार नाही.