पडद्यावरील घोडा आणि छावणीतील घोडा

मध्ययुगीन युद्धाचे चित्रण करणाऱ्या संगणकीय खेळांत अश्वयुद्धाच्या दृष्टीने ‘माउंट अँड ब्लेड : वॉरबँड’ (२०१०) या तुर्कस्तानात तयार झालेल्या खेळाचे स्थान महत्त्वाचे आहे. या खेळात घोडा हा केवळ वाहन नाही. तो जखमी होतो, लंगडा होतो आणि लंगडा असताना पुन्हा पडला तर मरूही शकतो. त्यामुळे शत्रूचा पाडाव कसा करावा या प्रश्नाइतकाच घोडा जिवंत कसा ठेवावा हा प्रश्नही खेळणाऱ्यासमोर उभा राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाला खेळाने दिलेल्या उत्तराची परीक्षा करावयाची आहे. त्यासाठी मराठी भाषा आणि मराठी कागदपत्रे यांतून मिळणारे उत्तर त्याच्या शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल.

प्रथम खेळाच्या गुणांचा निर्देश करणे न्याय्य होईल. घोड्याचे खरे संरक्षण चिलखतात नसून गतीत आहे, हे या खेळाने अचूक ओळखले आहे. भाल्यांच्या दाट फळीवर समोरून घोडा घालणारा स्वार हमखास पायउतार होतो. गर्दीत शिरून थबकलेला घोडा चहूबाजूंनी घाव खातो. उलट बगलेने येऊन, घाव घालून, वेग न मोडता निसटणाऱ्याचा घोडा वाचतो. मोकळे रान, वळणास जागा आणि माघारीची वाट ही तीन पथ्ये खेळणारा स्वानुभवाने शिकतो. आमनेसामनेची झुंज टाळून शत्रूस जेरीस आणणाऱ्या मराठी स्वारांच्या रीतीशी हे ज्ञान विसंगत नाही.

तथापि या खेळात घोड्याचे वर्णन कोणत्या गुणांनी केले जाते, हे पाहिले म्हणजे त्याची मर्यादा ध्यानात येते. वेग, वळण, धडक, चिलखत आणि जीव या पाचांत पोटाचा उल्लेख नाही. सैन्यातील माणसे धान्य आणि मांस खातात, शिधा संपला तर त्यांचा उत्साह ओसरतो. घोडा मात्र काहीच खात नाही. लंगडे घोडे सामानात ठेवून दिले असता काही काळाने आपोआप बरे होऊ शकते. त्याला ना मोतद्दार लागतो, ना नालबंद.

मराठी भाषेची साक्ष नेमकी याच्या उलट आहे. घोड्याविषयीचे मराठी वाक्प्रचार दोन गटांत विभागता येतात. लगाम घालणे, टाच मारणे, घोडे दामटणे हे स्वाराच्या जिनावरचे होत. पायबंद घालणे, खोगीरभरती, घोडे पेंड खाणे, तोबरा भरणे हे तबेल्यातले होत. घोड्याच्या तोंडाला बांधावयाची चंदीची पिशवी म्हणजे तोबरा; आज हा शब्द विडा खाणाऱ्याच्या गालात येऊन बसला आहे. पान का सडले, भाकरी का करपली आणि घोडा का अडला, या तिन्हींचे एकच उत्तर मागणारा जुना उखाणाही तबेल्यातलाच. कारण फिरवला नाही म्हणून घोडा अडतो, हे त्याची निगा राखणाऱ्यासच ठाऊक असते. भाषेने रणातला घोडा आणि दावणीचा घोडा असे दोन्ही सांभाळले. खेळाने फक्त पहिला उचलला.

या संदर्भात शिवाजी महाराजांचे १६७३-७४ च्या सुमाराचे प्रसिद्ध पत्र विचारात घेण्यासारखे आहे. ते चिपळूणनजीक हलवर्ण येथे छावणीस असलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांस लिहिलेले आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण आताच मनसोक्त वापरली तर ऐन पावसात काही मिळणार नाही. मग लोक उपाशी राहतील आणि घोडी मरू लागतील. लोक कुणब्यांच्या घरचे दाणे, गवत, लाकूडफाटा नेऊ लागतील आणि रयतेस मोगलांपेक्षाही तुमचा जाच अधिक वाटेल, असा त्याचा आशय आहे. रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळतील, इतक्या बारकाईने हे पत्र धोक्याची सूचना देते.

भाषेच्या दृष्टीने पत्रातील एक रचना लक्षणीय आहे. घोडी मरतील असे म्हणून पत्र थांबत नाही. ती तुम्हीच मारली असे होईल, असे बजावते. ‘मरणे’ या अकर्मक क्रियापदाची जागा ‘मारणे’ हे सकर्मक क्रियापद घेते आणि वाक्याला कर्ता मिळतो. हा कर्ता शत्रू नाही. हिशेब न ठेवणारा स्वकीय अधिकारी आहे. खेळात घोडा मारणारा नेहमी समोरचा भालाईत किंवा तिरंदाज असतो. गाफील कारकून आणि उंदीर यांना तेथे प्रवेश नाही.

हाच फरक बारगीर आणि शिलेदार या भेदातूनही तपासता येतो. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. खेळणारा स्वतः शिलेदार आहे: घोडा गेला की त्याचा पैसा जातो, म्हणून तो जपून लढतो. त्याच्या हाताखालचे स्वार मात्र बारगिरासारखे असून त्यांचे पडलेले घोडे पुढील लढाईस विनामूल्य हजर होतात. सभासदाच्या बखरीनुसार दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असे, आणि पावसाळी छावणीत दाणा, औषधे व शाकारलेली घरे तयार ठेवली जात. खेळात बारगीर आहेत, पागा नाही.

याचे महत्त्व केवळ तपशिलापुरते नाही. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे लढण्यास बाहेर पडले, ते रसद तुटून माणसे व जनावरे उपासमारीने खंगल्यावर. त्या घोड्यांचा निकाल लढाईपूर्वीच बराचसा लागला होता. आज आंबिवलीसारख्या कल्याणनजीकच्या वस्तीत घोडा दिसतो तो बहुधा वरातीत. तेथील तरुणास युद्धातला घोडा प्रथम भेटतो तो पडद्यावर. तो ज्या उत्तर कोकणच्या पावसात वाढला, त्याच कोकणातल्या पावसाळ्याची चिंता हलवर्णच्या पत्रात आहे. परंतु खेळाच्या नकाशावर ती त्याला भेटत नाही.

म्हणून हा खेळ स्वाराचा ग्रंथ म्हणून विश्वसनीय आणि सैन्याचा ग्रंथ म्हणून अपुरा ठरतो. करमणुकीच्या साधनाने वैरणीचा हिशेब मांडावा असा आग्रह कोणी धरणार नाही. परंतु इतिहासाची कल्पना जर अशा साधनांतून घडणार असेल, तर घोडा कोणी मारला हा प्रश्न रणांगणाबाहेरही विचारावयास शिकविणे, हे इतिहासाच्या आणि भाषेच्या अध्यापकांचे काम राहते.