दीड मिनिटाचा डोह

काटेपूर्णा धरणावर गळ टाकून बसणाऱ्यांसाठी एक छोटा सुरक्षापट करायचं आम्ही चौघांनी ठरवलं आणि संहिता माझ्याकडे आली. लिहायला बसण्याआधी मी 1973 सालचा ‘लोनली वॉटर’ पुन्हा पाहिला. ब्रिटिश सरकारच्या प्रसिद्धी खात्यासाठी जेफ ग्रँटने केलेला, लहान मुलांना पाण्याच्या धोक्याची जाणीव देणारा हा पट जेमतेम दीड मिनिटाचा आहे. पण त्यातलं एकही दृश्य वाया गेलेलं नाही.

सुरुवातीला धुकं, काळं पाणी आणि त्यावर उभी एक झगाधारी आकृती. तिला चेहरा नाही. बोलतं ते पाणीच, आणि आवाज डोनाल्ड प्लेझन्सचा. हा आवाज ओरडत नाही, धाक घालत नाही. वाट पाहायची सवय असलेल्या माणसासारखा तो शांत आहे. मला या पटातली सर्वांत मोठी कलात्मक निवड हीच वाटते. आपल्याकडच्या बहुतेक सुरक्षापटांत कुणीतरी मोठा माणूस ‘पाण्यात उतरू नका’ असं बजावतो. इथे बुडवणाराच बोलतो, आणि ऐकणारा आपोआप सावध होतो.

आता तो चेंडूचा प्रसंग पाहा. चेंडू पाण्यात गेलाय, मुलगा उतारावर वाकून काठीने तो ओढू पाहतोय. कॅमेऱ्याला घाई नाही. चिखल, उतार, पुढे सरकणारा मुलगा आणि मागे शांत उभी असलेली ती आकृती. धोका पाण्याच्या मधोमध नसून काठावर, पावलाखाली आहे, हे लगेच कळतं. आमच्या पूर्णा खोऱ्यातली काळी माती ओली झाली की काय होते, हे ज्याने अनुभवलंय त्याला हा प्रसंग परका वाटणार नाही. चेंडूच्या जागी फक्त गळ ठेवायचा. शेवाळात अडकलेला गळ सोडवायला माणूस दोन पावलं खाली जातो, मग आणखी एक. कोकणात खडकावर गळ टाकणाराही असाच अडकलेल्या दोरीसाठी वाकतो आणि समुद्राकडे पाठ करतो. गळाची किंमत ती किती!

पुढे ‘धोका’ अशी पाटी, जवळ कपडे आणि पाण्याखाली दडलेलं भंगार. शेवटी समंजस मुलं येतात, बुडणाऱ्याला बाहेर ओढतात आणि आकृती नाहीशी होऊन नुसता झगा जमिनीवर पडतो. एक मुलगा तो उचलून पाण्यात फेकतो. दिलासा मिळाला म्हणेपर्यंत आवाज परत येतो. त्याची शेवटची ओळ पाण्यावर घुमत राहते. पूर्ण पटात एकही मृतदेह दिसत नाही.

एकच गोष्ट मला अपुरी वाटते. बाहेर काढायचं कसं, हे पट घाईत उरकतो. आमच्याकडे तेच ठळक हवं. 14 सप्टेंबर 2021 रोजी वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून 11 जण गेले. ते दुःख ज्या वऱ्हाडाने पाहिलं, तिथे नुसती भीती दाखवून भागणार नाही. बुडणारा माणूस बहुधा हाका मारू शकत नाही, तोंड पाण्याखाली जात असतं. म्हणून काठावरच्याने उडी न घेता दोर, बांबू किंवा बूच लावलेला रिकामा कॅन फेकायचा. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला वाळका भोपळा बांधणाऱ्या आपल्या आज्यांना तरंगणाऱ्या वस्तूचं मोल ठाऊक होतं.

आमच्या पटातलं पाणी वऱ्हाडीत बोलेल, हे मी ठरवलंय. लाडाने बोलावेल: ‘ये नं बाप्पा, गार हाय.’ आणि शेवटचं दृश्य शेततळ्याचं असेल. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना 2016 साली आली, त्यानंतर गावोगाव तळी झाली. प्लास्टिकचं अस्तर ओलं झालं की त्यावर पाय ठरत नाही आणि पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. तुमच्या शेतात असं तळं असेल, तर गाठी मारलेला जाड दोर काठावरच्या पक्क्या खुंटाला बांधून आत सोडा. पट तयार व्हायची वाट पाहू नका.